क्रमित जोडी पडताळताना या चुका टाळा

३क्ष − २य = १२ या समीकरणाची (२, −३) ही क्रमित जोडी उकल आहे का, म्हणजे क्ष = २ आणि य = −३ ठेवल्यावर दोन्ही बाजू समान येतात का? काम दोन ओळींचं, पण गुण नेमके इथेच जातात, आणि बहुतेक वेळा एका उण्या चिन्हापायी.

चुकीची मांडणी अशी असते: ३ × २ − २ × ३ = ०, म्हणून उकल नाही. य ची किंमत −३ होती, ती ठेवताना चिन्ह गळालं. चिन्ह ठेवलं पण कंस विसरला, तर ६ − २ − ३ होतं. गुणाकाराची वजाबाकी झाली आणि उत्तर आलं १. म्हणून प्रत्येक किंमत कंसातच ठेवा, धन असली तरी:

३(२) − २(−३) = ६ + ६ = १२

आता जोडी बसली. कंसाची सवय असली की ३क्ष मध्ये क्ष = २ ठेवताना ‘३२’ लिहिण्याची गंमतही होत नाही.

तरीही जमत नसेल तर क्रम बघा. पहिली संख्या क्ष ची, दुसरी य ची. (−३, २) घेतलं तर डावी बाजू −१३ येते. य = −२क्ष + ५ अशी मांडणी असली की घोटाळा हमखास होतो: य आधी दिसतो म्हणून (१, ३) मधला १ त्याला दिला जातो. खरं तर क्ष = १ ठेवल्यावर −२ + ५ = ३, म्हणजे ही उकलच आहे.

पडताळताना पदं इकडची तिकडे नेऊ नका. इथे समीकरण सोडवायचं नाहीये. डावी बाजू वेगळी काढा, उजवी वेगळी, मग तुलना करा.

अपूर्णांकाचा दशांश करू नका. (१/३, −११/२) ही ३क्ष − २य = १२ ची उकल आहे: १ + ११ = १२. पण १/३ ऐवजी ०.३३ घेतलं की ११.९९ येतं आणि चांगली जोडी बाद होते.

क्ष = ४ मध्ये य दिसत नाही, कारण त्याचा सहगुणक (त्याला गुणणारी संख्या) ० आहे. म्हणून (४, −७) चालते, (−७, ४) चालत नाही.

एकसामयिक समीकरणांत (एकत्र सोडवायच्या दोन समीकरणांत) जोडी दोन्हींत बसायला हवी. ३क्ष − २य = १२ च्या सोबत क्ष + य = −१ असेल, तर (४, ०) पहिल्यात बसते, दुसऱ्यात नाही; (२, −३) दोन्हींत बसते. आणि ताळा प्रश्नातल्या मूळ समीकरणांतच करा. मधल्या पायरीवरच चूक झाली असेल, तर त्या पायरीत चुकीची जोडीही चपखल बसते.