तळघरात बँडचा कार्यक्रम करायचा तर

तालुक्याच्या गावात बँडला वाजवायला जागा मिळणं कठीण. मंगल कार्यालय परवडत नाही. पण एखाद्या बंगल्याचं रिकामं तळघर मिळालं, तर तिथे फार छान कार्यक्रम होतो.

आधी माणसं मोजा. २० बाय ३० फुटांच्या तळघरात बँडला १२ बाय १० फूट सोडले की ४८० चौरस फूट उरतात. माणशी १० धरले तर ४८ जण. जिना एकच असेल तर ३५ वर थांबा. जिन्यात चपलांचा ढीग नको, दाराला आतून कडी नको.

तळघरात आवाज किती ठेवायचा हे ड्रम ठरवतो, बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. ड्रम कोपऱ्यात मांडू नका, तिथे खर्ज फुगतो. खाली जाड सतरंजी आणि बेस ड्रमपुढे वीट ठेवा, नाहीतर तो प्रत्येक ठोक्याला पुढे सरकतो. टाळी वाजवून बघा. झणझणत राहिली तर ड्रममागच्या आणि समोरच्या भिंतीवर गोधड्या लावा, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून, दिव्यांपासून लांब. अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात अर्थ नाही: शेजारी जाणारा खर्ज त्यांनी अडत नाही आणि ते भराभर पेटतात. खर्ज गोधड्यांनीही अडत नाही, म्हणून सरावाच्या वेळी एकाने शेजाऱ्यांच्या दाराशी उभं राहून ऐकावं.

स्पीकरमधून फक्त गाणाऱ्याचा आवाज सोडा. दहा किंवा बारा इंची दोन पुरतात; ते गाणाऱ्याच्या पुढे, स्टँडवर डोक्याच्या उंचीला. मिक्सरवर (सगळे आवाज एकत्र करणारं यंत्र) माईकच्या चॅनलला १०० हर्ट्‌झचा लो-कट (त्याखालचा खर्ज कापणारी सोय) लावा. आवाज हळूहळू वाढवा, स्पीकरमधून शिट्टी सुरू झाली की थोडा मागे या. गाणाऱ्याने माईकची जाळी मुठीत धरली की शिट्टी येणारच, कारण मागून येणारा आवाज टाळणारी छिद्रं बुजतात. गिटारचा अँप (तिचा आवाज वाढवणारा स्पीकरचा डबा) खुर्चीवर ठेवा, तोंड वादकाच्या कानाकडे. जमिनीवर ठेवला तर तो वादकाच्या पोटऱ्यांना ऐकू जातो आणि वादक आवाज वाढवत राहतो.

अर्थिंग मल्टीमीटरने तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये सुमारे २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या आत. अर्थिंग खराब असेल तर गिटारच्या तारांवर हात असताना माईकला ओठ लागला की झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. स्पीकरमधली घरघर थांबवायला प्लगची अर्थची पिन कुणी काढत असेल तर काढू देऊ नका. आवाजाची सगळी यंत्रं एकाच १६ अँपिअरच्या सॉकेटवर घ्या, दिवे आणि पंखे वेगळ्या लाईनवर. बरीच घरघर तेवढ्यानेच जाते.

एका टोकाला बारा इंची एक्झॉस्ट पंखा आणि दुसऱ्या टोकाला उघडी खिडकी किंवा दार हवं, नाहीतर चौथ्या गाण्यापर्यंत जीव घुसमटतो. वीज जाईल म्हणून जनरेटर आणलात तर तो अंगणात, दार-खिडक्यांपासून दूर ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर ४५. सातला सुरू करून साडेनऊला संपवा.

सुरू करताना आधी मिक्सर, मग स्पीकर. बंद करताना उलटं, नाहीतर स्पीकरमध्ये मोठ्ठा ‘ठप्प’ होतो आणि कधी कधी पडदा फाटतो.