लाईट जाणाऱ्या घरातला डेस्कटॉप: पॉवर सेटिंग्ज मूळ जागी आणून नव्याने लावणे

कर्नाटकच्या मोफत घरगुती विजेच्या गृहज्योती योजनेची २०० युनिटांची मर्यादा ओलांडली की हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीचं पूर्ण बिल भरावं लागतं. तेव्हा फ्रीज, गिझरबरोबर डेस्कटॉपकडेही बघा. मॉनिटर धरून १०० वॅट खाणारा डेस्कटॉप रोज ८ तास नुसताच चालू राहिला, तर महिन्याला २४ युनिटं जातात. स्लीपमध्ये तोच काही वॅटांवर येतो.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ च्या डेस्कटॉपसाठी. नव्या लॅपटॉपांत यातले बरेच पर्याय दिसतच नाहीत.

आधी मूळ सेटिंग्ज. कंट्रोल पॅनेल, हार्डवेअर अँड साउंड, पॉवर ऑप्शन्स. चालू प्लॅनसमोर (प्लॅन म्हणजे वीज वापराच्या सेटिंग्जचा संच) ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’ आणि तिथे खाली ‘रिस्टोअर डिफॉल्ट सेटिंग्ज फॉर धिस प्लॅन’. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. सगळे प्लॅन एकदम मूळपदावर आणायचे असतील तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, स्पेस, हायफन, लगेच जोडून ‘रिस्टोअरडिफॉल्टस्कीम्स’ टाइप करा. ही कमांड ‘नक्की का?’ असं विचारत नाही. तुम्ही बनवलेले प्लॅन ती सरळ पुसून टाकते, म्हणून त्यांतले आकडे आधी वहीत उतरवून घ्या.

आता बॅलन्स्ड प्लॅन धरून बदल करा. स्क्रीन ५ मिनिटांनी बंद, स्लीप २० मिनिटांनी. स्क्रीनसेव्हर काढून टाका. त्याने वीज वाचत नाही, मॉनिटर जळतच राहतो. ‘चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज’मध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० वरून ९९ टक्के केली की बऱ्याच प्रोसेसरांचा टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेला आपोआप वेग वाढवणं, थांबतो. टायपिंग, ब्राउझिंगला फरक कळत नाही, पंखा मात्र शांत होतो.

खरी महत्त्वाची गोष्ट हायब्रिड स्लीप. साध्या स्लीपमध्ये उघडं काम फक्त रॅममध्ये असतं. पावसाळ्यात खानापूर भागात लाईट गेली आणि यूपीएसही उतरला, की ते काम गेलंच. हायब्रिड स्लीप रॅमबरोबर डिस्कवरही प्रत ठेवतो. त्याच अ‍ॅडव्हान्स्ड यादीत ‘अलाउ हायब्रिड स्लीप’ ऑन करा. पर्याय दिसत नसेल तर बहुधा कुणीतरी सी ड्राइव्हवर जागा करायला हायबरनेट (उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्याची सोय) बंद केलेलं असतं. ‘पॉवरसीएफजी’, स्पेस, हायफन ‘एच’, स्पेस, ‘ऑन’ ही कमांड दिली की ते परत चालू होतं. १६ जीबी रॅम असेल तर त्याची फाइल साधारण साडेसहा जीबी जागा घेते. तेवढी द्यावी, इथे काटकसर नको.

यूपीएसला यूएसबी केबल असेल तर ती जोडा. विंडोजला तो बॅटरीसारखा दिसला की ‘क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शन’ला हायबरनेट निवडा. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना ही सोय नसते. तिथे लाईट गेल्याचं विंडोजला कळतच नाही, ‘बीप’ ऐकून तुम्हालाच उठावं लागतं.

मशीन झोपत नसेल तर ‘पॉवरसीएफजी’ला हायफन ‘रिक्वेस्ट्स’ जोडून बघा, कोण जागं ठेवतंय ते नावानिशी दिसतं. आपोआप जागं होत असेल तर हायफन ‘लास्टवेक’. बहुधा माउस किंवा नेटवर्क कार्ड निघतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवरची ‘अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कम्प्युटर’ची खूण काढा.

शेवटी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एसी पॉवर लॉसचा, म्हणजे लाईट जाऊन आल्यावर काय करायचं त्याचा पर्याय ‘पॉवर ऑफ’वर ठेवा. नाहीतर रात्री लाईट आली की मशीन आपणहून सुरू होतं, तेही व्होल्टेज वरखाली होत असतानाच.