सेक्रेटरी बर्ड ओळखायचाय? आधी मांड्या बघा

आफ्रिकेतल्या मसाई मारा किंवा सेरेंगेटीत लांब पायांचा करडा पक्षी दिसला की क्रौंच, कोरी बस्टर्ड (आपल्या माळढोकाचा आफ्रिकी भाऊबंद) की सेक्रेटरी बर्ड, असा गोंधळ होतो. मांड्या बघा. गुडघ्यापर्यंत काळी तुमान चढवल्यासारखी दिसली, तर सेक्रेटरी बर्डच. खात्रीला नारिंगी चेहरा आणि मानेमागे लोंबणारी काळी पिसं.

शोधायचा कुठे? भल्या सकाळी दुर्बीण बाभळींच्या सपाट माथ्यांवर फिरवा, तो रात्री तिथे बसतो. ऊन चढलं की मात्र आखूड गवतात. हा शिकारी पक्षी चालत चालतच भक्ष्य हुडकतो, साप दिसला तर लाथांनी मारतो. ती चाल बघण्यासाठी गाडी थांबवून दहा मिनिटं द्याच.

घरटं दिसलं तर गाडी जवळ नेऊ नका. २०२० पासून ही जात संकटग्रस्त आहे.