दुनळी ढिली झालीय? या चुका टाळा

मंगळवेढ्याची ज्वारी असो की माळशिरसचा ऊस, रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बाराबोर दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची, बिजागरीवर मोडून उघडणारी बंदूक ठेवणारी घरं सोलापूर जिल्ह्यात आहेत. त्यातल्या बऱ्याच बंदुका वारशाने आलेल्या. त्या वापराने तितक्या बिघडत नाहीत, जितक्या चुकीच्या दुरुस्तीने बिघडतात.

तपासण्यापासूनच चूक होते. दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा, मग नळीखालचं लाकूड काढा. ते तसंच ठेवून बंदूक हलवली तर त्याच्या ताणामुळे ढिलेपणा झाकला जातो. लाकूड काढून, बंदूक मिटून उजेडासमोर धरा. नळ्यांचं मागचं तोंड आणि ॲक्शनची (नळ्या जिच्यावर बसतात त्या लोखंडी चौकटीची) उभी भिंत यांच्यात उजेडाची रेघ दिसली, तर सांधा झिजलाय. त्या बंदुकीत काडतूस घालू नका. बार उडताना काडतुसाच्या बुडाला पाठीमागून नीट आधार मिळत नाही आणि प्रत्येक बाराला सांधा आणखी खिळखिळा होतो.

याउलट बंदूक मिटतच नसेल, तर लगेच कानस हाती घेऊ नका. काडतूस बाहेर सरकवणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरखाली काजळी आणि आपल्याकडची धूळ साचते. ब्रशने साफ केलं की बहुतेकदा काम होतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे खालचा बोल्ट घट्ट करून घेणं. बोल्टचं काम नळ्या वर उचलू न देण्याचं. नळ्यांना मागे भिंतीशी टेकवून धरतो तो बिजागरीच्या पिनेवर बसणारा आकडा (हुक). तिथली झीज तशीच राहिली तर बोल्ट कितीही आवळा, फट जात नाही. खरा कारागीर जाड पिन बसवतो किंवा आकड्यावर धातू चढवतो. मग काजळी लावून बंदूक मिटायची, डाग कुठे पडतो ते पाहायचं, तेवढंच घासायचं. दोन्ही नळ्या भिंतीला सारख्या टेकेपर्यंत हे चालतं. बोल्टची पाळी सगळ्यात शेवटी. याला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

आकडा हातोडीने ठोकून पसरवला किंवा मध्ये पत्र्याची चकती घातली, तर बंदूक थोडे दिवस घट्ट वाटते, एवढंच. फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग तर मुळीच नको: दोन नळ्यांमधली पट्टी डाखाने जोडलेली असते, उष्णतेने ती सुटते. ॲक्शनची भिंतही घासू नका, तिचा कठीण थर पातळ असतो. दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या आणून बसवू नका. जुन्या दुनळीत त्या हाताने, त्याच ॲक्शनला बसवलेल्या असतात.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. तेव्हा बंदूक परवानाधारक कारागिराकडेच द्या, आपला परवाना सोबत न्या. निवडणुकीत ठाण्यात जमा करायची वेळ आली, तर पिनेला ग्रीस आणि नळ्यांना तेल लावून द्या. परत आल्यावर आधी गंज पाहा, मग उजेडाची रेघ.