अकाउंटन्सीत एम.कॉम. करायचंय? फॉर्म भरण्याआधी

एम.कॉम. झालं म्हणून ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही. तो अधिकार सीएचाच. मग दोन वर्षं घालायची कशासाठी? कॉलेजात शिकवायचं असेल, पीएच.डी. करायची असेल, किंवा कंपनीच्या अकाउंट्स खात्यात एंट्र्या टाकण्यापलीकडचं काम हवं असेल तर. यांतलं आपलं कोणतं, ते आधी ठरवा.

मुंबई विद्यापीठात प्रवेशाला बी.कॉम. किंवा बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्समधलं बी.कॉम.) यांसारखी पदवी चालते. पदवी मुंबई विद्यापीठाबाहेरची असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी जुन्या विद्यापीठात लगेच अर्ज टाका, त्याला वेळ लागतो. एबीसी आयडी, म्हणजे अभ्यासाचे क्रेडिट (श्रेयांक) जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या खात्याचा नंबर, काढताना आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव ताडून बघा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, असं असलं की क्रेडिट जमा होताना घोळ होतो. नोकरी करणाऱ्यांसाठी कलिन्याचं दूरस्थ शिक्षण केंद्र आहे. चर्चगेटचं सिडनहॅम आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात येतं, त्यामुळे मुंबई विद्यापीठाच्या नोट्स तिथे जशाच्या तशा चालतील असं धरू नका. स्वायत्त कॉलेजांचंही तेच.

नव्या शैक्षणिक धोरणात चार सेमिस्टरना प्रत्येकी 22, म्हणजे एकूण 88 क्रेडिट. पहिल्या वर्षानंतर 44 क्रेडिटवर पदव्युत्तर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धती (4 क्रेडिट), दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग (4), तिसऱ्या-चौथ्याला संशोधन प्रकल्प (4 आणि 6).

ट्रेनिंगसाठी सीएच्या ऑफिसात जायचं तर जानेवारीतच विचारा. मार्चअखेर आणि एप्रिलमधली बँक ऑडिटं सुरू झाली की नव्या मुलाला शिकवायला कोणाला सवड नसते. खरेदीचं रजिस्टर जीएसटीआर-2बीशी, म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर बनणाऱ्या पत्रकाशी, जुळवायचं काम मागून घ्या. महिन्याच्या 14 तारखेला 2बी तयार होतं. पुरवठादाराने उशिरा रिटर्न भरलं तर त्याचं बिल त्यात दिसत नाही आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) अडकते. हे एकदा स्वतः शोधलं की अप्रत्यक्ष कराचा अर्धा पेपर सोपा होतो. सर्टिफिकेटवर तारखा आणि एकूण तास लिहून घ्यायला विसरू नका.

अकाउंट्सच्या पेपरात मुलं अडखळतात ती होल्डिंग कंपनीच्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे (सबसिडियरीचे) बहुतांश शेअर हातात असलेल्या कंपनीच्या, हिशोबात. समजा, होल्डिंगने सबसिडियरीला किमतीवर 25 टक्के नफा लावून माल विकला आणि वर्षअखेर त्यातला 1,00,000 रुपयांचा माल शिल्लक आहे. न वसूल झालेला नफा किती? घाईत 25,000 लिहिलं जातं. पण 1,00,000 ही विक्रीची किंमत. 125 मध्ये 25, म्हणजे 20,000. दुसरी हमखास चूक म्हणजे शेअर घेण्याआधीचा नफा आणि नंतरचा नफा वेगळा न करणं. आधीचा नफा गुडविल (शेअरसाठी जादा मोजलेली किंमत) किंवा भांडवली राखीव (कमी मोजल्याने झालेला फायदा) काढताना धरतात, वितरणयोग्य नफ्यात नाही. म्हणून प्रश्न हातात आला की सगळ्यात आधी शेअर घेतल्याची तारीख अधोरेखित करा.

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर अकाउंट्सची जुनी पुस्तकं घ्या, खुशाल. करांची मात्र घेऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले आणि नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू; त्यात ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं आहे.

सीएची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) चालू असेल तर सीए इन्स्टिट्यूटचा फॉर्म 112 भरून परवानगी घ्यावी लागते, आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेत येता कामा नये. प्राध्यापक व्हायचं असेल तर नुसतं पास होऊन भागत नाही. नेटसाठी (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) खुल्या प्रवर्गात एम.कॉम.ला किमान 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 50. वर ढकलणं नाही: 54.9 म्हणजे 54.9च. त्यामुळे पहिल्या सेमिस्टरचे मार्क सैल सोडू नका, चौथ्यात ते भरून काढणं जड जातं.