पत्रकार आईसाठी: बीट, कामाची पाळी आणि घर यांची आखणी

पत्रकारितेत कामाच्या तासांपेक्षा त्यांची अनिश्चितता अधिक जाचक असते. ठरावीक वेळेची नोकरी करणारी आई पाळणाघराच्या वेळेशी आपली वेळ जुळवू शकते. बातमीदार आईला मात्र घरी निघता निघता एखाद्या आगीची किंवा राजीनाम्याची बातमी येऊन थांबावे लागते. त्यामुळे समतोल म्हणजे दिवसाचे दोन सारखे भाग, अशी कल्पना मनात धरून या व्यवसायात राहिल्यास पदरी निराशाच येते. अचानक काही घडले तर कोणी काय करायचे, हे घरात आणि वृत्तकक्षात आधीच ठरलेले असावे, यावर सगळा भर द्यावा.

याची तयारी प्रसूतीच्या रजेपूर्वी दोन-तीन महिने सुरू करावी. आपल्या बीटवरील, म्हणजे आपल्याकडे सोपवलेल्या बातमीक्षेत्रातील, अपूर्ण राहिलेल्या बातम्या, न्यायालयातील पुढील तारखा, अपेक्षित अहवाल आणि कार्यालयांचे संपर्क यांचे एक टिपण तयार करून ते बदली सहकाऱ्याच्या हाती द्यावे. ज्यांनी नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर माहिती दिली आहे, त्यांची नावे त्यांच्या परवानगीशिवाय या टिपणात घालू नयेत. त्याच सुमारास मुख्य वार्ताहराशी किंवा वृत्तसंपादकाशी बोलून परतल्यावर कोणते बीट मिळेल, रात्रपाळी किती महिने लागणार नाही आणि वार्षिक मूल्यमापनात रजेचा काळ कसा धरला जाईल, हे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा संपादक उद्या दुसऱ्या संस्थेत गेलेला असू शकतो.

हे मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण कराराने किमान १४ आठवड्यांची रजा, रजेनंतर त्याच किंवा समान वेतनाच्या समकक्ष पदावर परतण्याचा हक्क आणि स्तनपानासाठी कामाच्या वेळेत धरली जाणारी पगारी विश्रांती मान्य केली आहे. अर्थात सर्व देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, म्हणून आपल्या देशाचा कायदा आणि आपले नियुक्तिपत्र स्वतः वाचावे. मुक्त पत्रकारांना सहसा पगारी रजा मिळत नाही. त्यांनी काही महिन्यांचा खर्च आधीच बाजूला काढावा आणि थकलेली मानधने प्रसूतीपूर्वी वसूल करावीत.

रजेचे पहिले आठवडे पूर्णपणे बाळाचे आणि स्वतःच्या शरीराचे असू द्यावेत. पुढे जमेल तेव्हा बीटवरच्या बातम्या वाचाव्यात आणि अधूनमधून एखाद्या जुन्या सूत्राला फोन करावा. तेवढ्याने ओळख टिकते. परतल्यावर दूध काढण्यासाठी आतून कडी लागणारी, विजेची सोय असलेली स्वच्छ खोली मागावी. स्वच्छतागृह हा त्यावरचा पर्याय नव्हे. काढलेले ताजे दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या उष्णतारोधक पिशवीत २४ तासांपर्यंत आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते. हे ठाऊक असले की बाहेरगावच्या ड्युटीचा विचार मोकळेपणाने करता येतो.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत नाजूक वाटतो. ‘आता तुम्हाला धावपळ नको’ असे आपुलकीने म्हणत बातमीदार आईला डेस्कवर, म्हणजे इतरांच्या बातम्या संपादित करण्याच्या कामावर, किंवा पुरवणीत हलवले जाते, आणि त्या आपुलकीत तिची बायलाइन, म्हणजे बातमीवर छापले जाणारे तिचे नाव, हरवते. डेस्कचे काम कमी प्रतीचे नाही. पण ते तिने निवडलेले असावे. बदल तात्पुरता हवा असेल तर त्याची मुदत लेखी ठरवून घ्यावी, आणि त्या काळात कागदपत्रे, आकडेवारी किंवा न्यायालयीन नोंदी यांवर आधारलेला एक दीर्घ विषय स्वतःकडे ठेवावा. अशी शोधबातमी ब्रेकिंगच्या धावपळीबाहेर राहूनही करता येते आणि पहिल्या पानावरही जाते.

घरी जोडीदाराने ‘मदत’ करणे पुरेसे नाही. आठवड्यातील काही संध्याकाळी बाळाची संपूर्ण जबाबदारी त्याची असावी, औषधाच्या मात्रेसह. शिवाय दोघेही अडकल्यास कोणाला फोन करायचा, त्या दोन-तीन माणसांची नावे क्रमाने ठरवून ठेवावीत. मुलांची छायाचित्रे, शाळेचे नाव आणि येण्याजाण्याचा मार्ग समाजमाध्यमांवर टाकू नये. युनेस्को आणि इंटरनॅशनल सेंटर फॉर जर्नलिस्ट्स यांच्या २०२० मधील पाहणीत सहभागी महिला पत्रकारांपैकी ७३ टक्के जणींनी ऑनलाइन हिंसेचा अनुभव सांगितला होता, आणि अशा धमक्या कुटुंबापर्यंतही पोहोचतात.

तरुण मुलींशी बोलताना त्यागाच्या कथा सांगण्यापेक्षा आपली व्यवस्था उघड करून दाखवावी. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांचा शोध घेणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स १८९६ मध्ये काही महिन्यांच्या मुलाला घेऊन वॉशिंग्टनमधील महिला परिषदेला गेल्या होत्या. दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर, १८९७ मध्ये, त्यांनी वृत्तपत्राचे काम सोडले. तरी पुढच्याच वर्षी एका पोस्टमास्तरच्या झुंडहत्येविरुद्ध दाद मागण्यासाठी त्या अंगावर पिणारे बाळ घेऊन पुन्हा वॉशिंग्टनला गेल्या. चार मुलांच्या या आईने १९२० मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील हत्याकांडावरचा आपला शोध प्रसिद्ध केला. थांबणे आणि सोडून देणे यांतला फरक नवोदित मुलींना यावरून नीट समजावता येतो.

प्रत्यक्षात करण्यासारखे आणखी बरेच आहे. शिकाऊ मुलीला मुलाखतीला सोबत न्यावे, तिने खरे काम केले असेल तर संयुक्त बायलाइन द्यावी, आणि तिने विचारल्यास आपला पगार व रजेचा अनुभव स्पष्ट सांगावा. संपादकपदी असल्यास नियोजनाची बैठक संध्याकाळऐवजी सकाळी घ्यावी आणि भरतीच्या वेळी उमेदवाराला लग्नाचे किंवा मुलांचे बेत विचारू देऊ नयेत. आपला रजेचा अर्ज आणि बीट सोपवण्याच्या टिपणाचा आराखडा, खासगी तपशील वगळून, वृत्तकक्षातील सामायिक फोल्डरमध्ये ठेवावा, म्हणजे पुढच्या सहकारी स्त्रीला कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागणार नाही.