बोटीवर दोघी: पाण्यावरचे दिवस आणि किनाऱ्यावरचे दिवस कसे काढावेत

बेळगावातून चोर्ल्याच्या घाटानं निघालं की तीन तासांत पणजी. असं असताना आम्ही दोघी रात्रभर रेल्वेत बसून मुंबईला गेलो, तिथं क्रूझच्या बोटीत चढलो आणि समुद्रातून गोव्याला आलो. मुरगावच्या धक्क्यावर उतरल्यावर वन्सं म्हणाल्या, "अगं, हेच बघायला एवढा वळसा?"

प्रश्न रास्त होता. गोवाच बघायचा असेल तर बोटीनं जाऊच नये. बोटीची सहल ही बोटीचीच असते, मधे मधे जमीन लागते एवढंच. हे आमच्या डोक्यात शिरलं आणि दुसऱ्या खेपेला आम्ही सिंगापूर–पिनांग–फुकेत केलं. आता बेळगावच्या शहापुरात हळदीकुंकवाला गेलं तरी कुणी ना कुणी विचारतंच, "कसं केलंत ओ? आम्हालाबी सांगा की." त्यांच्यासाठी हे एकदाच लिहून टाकते.

सोबत कोण, हे आधी

बोटीचं भाडं बहुधा एका केबिनमध्ये दोघं धरून लावलेलं असतं. एकट्यानं गेलं तर दुसऱ्या रिकाम्या पलंगाचेही बरेचसे पैसे मोजावे लागतात. म्हणून जोडीदार शोधणं खिशालाही बरं. पण केबिन म्हणजे आपल्या टिळकवाडीच्या घरातल्या देवघराएवढी जागा. तिथं घोरणं, पहाटे उठणं, दिवा लावून वाचणं, सगळं दुसऱ्याच्या अंगावर येतं. वन्सं पहाटे पाचला उठतात, मी साडेसातशिवाय डोळा उघडत नाही. त्यामुळं निघण्याआधीच ओसरीवर बसून आम्ही ठरवलं, की बोटीवर चोवीस तास एकमेकींना चिकटून राहायचं नाही. सकाळ ज्याची त्याची, दुपारचा चहा दोघींचा, जेवण दोघींचं. एवढ्या एका गोष्टीनं आमची दोन्ही सफरींतली भांडणं टळली. नणंद-भावजयीच्या बाबतीत हे थोडं नव्हे.

बुकिंग करताना 'दोन वेगळे पलंग' असं स्पष्ट सांगा. न सांगितल्यास पुष्कळदा जोडून ठेवलेला एकच मोठा पलंग मिळतो. केबिन मागताना खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची मागा. सी-सॉवर बसल्यासारखंच आहे हे: टोकाला उसळी, मध्यावर निवांत. बिनखिडकीची आतली केबिन स्वस्त पडते, पण दिवा घालवला की मिट्ट काळोख. छोटी बॅटरी उशाशी ठेवा. न्हाणीघराचा उंबरा चांगला वीतभर उंच असतो, अंधारात ठेच लागते. आणि हो, तिथं अंघोळीचा मग नसतो. घरून एक नेलेला बरा.

कागद, बॅगा, औषधं

देशातल्या देशात मुंबई–गोवा असं जायचं तर सरकारी ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला प्रवेशाचा वेगळा परवाना लागतो, तो कोण काढणार हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. परदेशी बोटीला पासपोर्ट हवा आणि तो परतीनंतरही सहा महिने चालणारा हवा. सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच येणारी बोट असेल तर व्हिसाही दुसऱ्यांदा आत शिरू देणारा हवा. बोट एकदा देशाबाहेर जाऊन परत येते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी कधी कधी संध्याकाळीच येतात. म्हणून औषधं, चष्मा, कागदपत्रं, कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, किटली, उदबत्ती यांतलं काही नेऊ नका. आगीच्या भीतीनं काढून घेतात. वन्संच्या पिशवीतली उदबत्तीची पुडी तपासणीत निघाली, तेव्हा त्या माझ्याकडेच अशा बघत होत्या जणू मीच ती ठेवली होती.

घरी शिजवलेलं बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत, सीलबंद पाकिटांना सहसा हरकत नसते. त्यामुळं आमचा कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, दादरला भाचीकडं राहिला आणि गोकाकच्या कर्दंटाचा, म्हणजे डिंक-सुकामेव्याच्या वड्यांचा, डबा बोटीत गेला. कर्दंट टिकतं, चिकटत नाही आणि रात्री अकराला भूक लागली तर एक वडी पुरते.

बंदरावर आदल्या दिवशीच पोचा. बेळगावहून रात्रीची बस धरून सकाळी मुंबईत आणि दुपारी बोटीत, हा हिशेब कागदावर बसतो. पण महामार्गावर एक ट्रक आडवा झाला की सगळं कोलमडतं, आणि बोट कुणासाठी थांबत नाही. तसा आपल्या भागाला समुद्र काही परका नव्हे. रेल्वे येण्याआधी बेळगावचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरातच जायचा. पण त्या काळी गलबतं माणसांची वाट बघत असतील, आताच्या बोटी बघत नाहीत.

चढल्यावर पहिला तास

सगळे जेवणाच्या टेबलांकडं धावतात. तुम्ही आधी आपत्कालीन कवायत उरका. आपण कुठं जमायचं, जाकीट कसं घालायचं, धोक्याचा भोंगा कसा असतो हे तिथं दाखवतात: सात वेळा थोडक्यात आणि आठव्यांदा लांब. याला कंटाळू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीत गिग्लिओ बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया ही बोट खडकावर आदळून ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्यानं चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. तोवर ती २४ तासांत कधीही घेतली तरी चालायची. २०१५ पासून नियम बदलला आणि बोट निघण्याआधी किंवा निघताच ती घ्यावी लागते.

मग फोन विमान-मोडवर टाका. समुद्रात बोटीचं स्वतःचं महागडं नेटवर्क पकडलं जातं आणि बिल घरी आल्यावर कळतं. फोन बंद म्हणजे जोडीदाराला शोधायचं कसं? आम्ही दोन गोष्टी केल्या. केबिनच्या आरशावर चिठ्ठी: 'वरच्या डेकवर, अकरापर्यंत.' आणि ठरलेली जागा: रोज चार वाजता चहाच्या टेबलाशी, उजवीकडच्या खिडकीजवळ. हजारभर माणसांत ही एक खिडकी आमच्या घराच्या कट्ट्यासारखी झाली.

पाण्यावरचा दिवस

ज्या दिवशी कुठलंच बंदर नाही, तो दिवस नवख्या माणसाला वाया गेल्यासारखा वाटतो. कार्यक्रमांचा कागद येतो, त्यात सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत काही ना काही असतं. लग्नघरातल्यासारखं सगळीकडं हजर राहायचा सोस आपल्याला असतोच. पहिल्या दिवशी मी तसंच केलं आणि संध्याकाळी पाय सुजले. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन फक्त दोनच गोष्टींवर खूण केली, वन्संनीही आपल्या दोन निवडल्या. एकच सारखी निघाली, तेवढी बरोबर केली.

वन्संचा दिवस पहाटे डेकवर चालण्यानं सुरू व्हायचा. त्या वेळी तिथं फरशी धुणारे खलाशी आणि दोन-चार म्हातारी माणसं. उठले की मी उन्हाच्या उलट्या बाजूला खुर्ची धरायची. समुद्रावर वारा गार लागतो म्हणून ऊन कळत नाही, रात्री आरशात बघितलं की नाक मिरचीसारखं लाल. टोपी आणि क्रीम दोन्ही वापरा.

मळमळीचं दोन शब्दांत सांगते. आतला कान म्हणतो हलतंय, डोळ्यांना केबिनची भिंत स्थिर दिसते, आणि या भांडणात पोट बिचारं सापडतं. उघड्यावर या, क्षितिजाकडं बघा, मोबाईल आणि पुस्तक मिटा. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. मात्र बहुतेक गोळ्यांनी झापड येते आणि बीपी, साखर, प्रोस्टेट किंवा काचबिंदूवाल्यांना काही चालत नाहीत, तेव्हा घरच्या डॉक्टरांना आधी विचारा. रिकाम्या पोटी राहू नका. आलेपाकानं मला बरं वाटलं, वन्संना कशाचीच गरज पडली नाही.

जेवायला जाताना हात साबणानंच धुवा. दारात जेल मिळतं, पण बोटीवर जो जुलाब-उलट्यांचा विषाणू पसरतो त्याला जेल फारसं जुमानत नाही.

किनाऱ्यावरचा दिवस

खरी चूक इथंच होते. बोट 'गोव्याला' लागते, 'बँकॉकला' लागते असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात मुरगावपासून पणजी सुमारे ३० किलोमीटर, आणि बँकॉकच्या मोठ्या बोटी बहुधा लागतात त्या लेम चबांगहून शहर दीड-दोन तासांवर. म्हणून पहिला प्रश्न शहरात काय आहे हा नसून, धक्का कुठं आहे हा. बंदराचं नाव घेऊन नकाशा उघडा आणि अंतर मोजा.

दुसरा प्रश्न: बोट धक्क्याला लागणार की समुद्रातच नांगर टाकणार? नांगर टाकला तर लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात, तिला टेंडर म्हणतात. लक्षद्वीपच्या अगत्तीला असंच, फुकेतला पातोंगच्या किनाऱ्यालाही असंच. दोन बोटींच्या मधल्या पाण्यावरून पाय टाकायचा असतो, खलाशी दोन्ही बाजूंनी दंडाला धरतात. गुडघे दुखणाऱ्यांनी हा एक पाय टाकणं जमेल का, ते प्रामाणिकपणे ठरवावं. साडी नको, हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर. समुद्र खवळलेला असला की कप्तान टेंडरच रद्द करतो आणि तो दिवस पाण्यावरचा होऊन बसतो. रुसून उपयोग नाही.

तिसरा प्रश्न: बोटीवाल्यांची सहल घ्यावी की आपलं आपण हिंडावं? बोटीची सहल महाग, पण तिला परत यायला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, नाहीतर पुढची सोय तेच करतात. आपण टॅक्सी केली आणि अडकलो तर पुढच्या बंदराला आपल्याच खर्चानं जायचं. आमचा ठोकताळा असा: ठिकाण धक्क्यापासून तासाभरापेक्षा दूर असेल तर बोटीची सहल, चालत जाता येत असेल तर आपलं आपण.

पिनांग चालत जाण्यातलं. स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाऊनमध्येच आहे, आणि ते जुनं शहर २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बाहेर पडून पंधरा-वीस मिनिटांत लिटल इंडिया येतं: फुलांचे हार, तमिळ गाणी, स्टीलच्या ताटल्या, जणू बेळगावचा खडेबाजारच उचलून नेलाय. तिथंच १८३३ सालचं महामारियम्मन मंदिर आहे. वन्संना तिथं बसायचं होतं, मला समुद्रात खांबांवर उभी असलेली चिनी कुटुंबांची लाकडी घरं बघायची होती. आधी भांडणाची चिन्हं दिसली, मग ओसरीवरचा करार आठवला. त्या दीड तास देवळात बसल्या, मी घरं बघून आले, आणि ठरल्या वेळी देवळाच्या दारात भेटलो. पण परक्या गावात वेगळं व्हायचं तर तीन गोष्टी दोघींकडं हव्यात: बोटीत चढताना मिळालेलं कार्ड, बंदराचं नाव लिहिलेला कागद आणि परतीच्या टॅक्सीपुरते तिथले पैसे. पासपोर्ट बाहेर न्यायचा की केबिनमध्ये ठेवायचा, हे प्रत्येक बंदरावर बोटीवर सांगतात, ते ऐका.

घड्याळाचा घोळ मोठा. सिंगापूर आणि मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, थायलंड दीड तास. म्हणजे पिनांगहून फुकेतला गेलं की किनाऱ्यावरचं घड्याळ एक तास मागं येतं, आणि बोट मात्र आपलीच वेळ धरून बसू शकते. फोन आपोआप तिथली वेळ दाखवतो आणि माणूस निवांत शहाळं पीत बसतो. फुकेतला आमच्या शेजारच्या केबिनमधलं जोडपं असंच शेवटच्या टेंडरला धापा टाकत आलं. हातात साधं घड्याळ घाला, त्यावर बोटीची वेळ लावा आणि त्याला हात लावू नका. कागदावर चढायची जी शेवटची वेळ असेल, त्याच्या तासभर आधी परत या.

दिवसात एकच मोठी गोष्ट ठेवा. गोव्यात आम्ही मंगेशी, जुनं गोवं आणि पणजी असं तिन्ही बसवलं होतं. मंगेशीला दहा मिनिटं, चर्चमध्ये पाच, पणजीत गाडीतूनच. घरून गेलो असतो तर याहून जास्त बघितलं असतं.

शेवटची रात्र

बोटीवर केलेल्या खर्चाचं बिल रात्रीच बघून घ्या, सकाळी तिथं रेशनसारखी रांग लागते. मोठ्या बॅगा मध्यरात्रीच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्रीतच खाली जातात आणि थेट धक्क्यावर भेटतात. बॅग बाहेर काढण्याआधी उद्याचे कपडे वेगळे काढले का, हे एकमेकींना विचारा. वन्संनी इरकल साडी अगदी नीट घडी घालून, वर डांबरगोळी ठेवून, बॅगेत तळाशी ठेवली आणि बॅग दाराबाहेर लोटली. सकाळी त्या माझ्या सलवार-कमीजमध्ये बोटीतून उतरल्या, सत्तर वर्षांत पहिल्यांदाच. धक्क्यावर बॅग मिळाली तरी बदलायला काही गेल्या नाहीत. बेळगाव स्टेशनावर त्यांचा भाऊ घ्यायला आला होता, त्यानं आधी ओळखलंच नाही.